माहिती साक्षरता, संवादकौशल्य आणि आयुर्वेदाचा विद्यार्थी : सेमाडोह परिसरातून एक विचार

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने काय वाचावे, यावर आपल्या महाविद्यालयांतून व संघटनांच्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. वाचलेले पारखावे कसे, आणि पारखलेले समोर बसलेल्या रुग्णाच्या भाषेत उतरवावे कसे, हा विषय मात्र बहुधा 'अनुभवाने येईल' या एका वाक्यावर सोडून दिला जातो. अनुभवाने ते येते, हे खरे. परंतु तो अनुभव कोणाच्या शरीरावर घेतला जातो, याचाही विचार झाला पाहिजे. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीकाठी वसलेल्या सेमाडोह परिसरात आम्ही गेली पंधराहून अधिक वर्षे रुग्णसेवा करीत आहोत. या काळात आंतरवासी विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या आम्ही जवळून पाहिल्या. त्या निरीक्षणाच्या आधारे प्रस्तुत लेखात काही विचार सुज्ञ वैद्यवर्गापुढे ठेवीत आहोत.

'माहिती साक्षरता' ही संज्ञा १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी प्रथम वापरली. पुढे जानेवारी २००० मध्ये तेथील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने उच्च शिक्षणासाठी माहिती साक्षरतेची मानके संमत केली. मानके पाच आणि त्यांखालील निर्देशक बावीस. त्यांचा आशय साध्या मराठीत असा : आपल्याला नेमकी कोणती व किती माहिती हवी आहे हे विद्यार्थ्याने ठरवावे, ती कार्यक्षमतेने मिळवावी, माहिती व तिचा उगम या दोहोंची चिकित्सा करावी, ठरलेल्या प्रयोजनासाठी ती वापरावी, आणि हे सारे करताना नीती, कायदा व समाज यांचे भान ठेवावे. ही मानके २०१६ साली मागे घेण्यात आली व त्यांच्या जागी सहा संकल्पनांची एक चौकट आली. मोजपट्टी लावून 'हे येते, ते येत नाही' अशी खूण करण्याने विद्वत्ता मोजता येत नाही, असा त्यामागचा विचार. त्या सहा संकल्पनांपैकी एक आपल्या दृष्टीने फार लक्षणीय आहे : विद्याव्यवहार हा मुळात एक संवाद आहे.

हे वाचताच चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय कोणाही वैद्याला आठवेल. रोगभिषग्जितीय विमानात आचार्यांनी विद्यार्थ्याला प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावयास सांगितले आहे. वैद्यांची नानाविध शास्त्रे लोकात प्रचलित आहेत, म्हणून निवड करा, असा त्यांचा रोख आहे. ग्रंथ आप्तजनांनी आदरिलेला आहे काय, त्यात पुनरुक्ती आहे काय, अर्थाची मांडणी क्रमाने आहे काय, प्रकरणांचा गोंधळ आहे काय, लक्षणे व उदाहरणे दिली आहेत काय, अशी कसोट्यांची मोठी मालिकाच तेथे येते. त्यानंतर आचार्यपरीक्षा, अध्ययनविधी, अध्यापनविधी आणि मग तद्विद्यसंभाषा. निवड, ग्रहण आणि संवाद हे तिन्ही एकाच अध्यायात गुंफलेले आहेत. सुश्रुताचार्यांनी प्रभाषणीय अध्यायात (सु. सू. ४) अर्थ न कळता पाठ करणाऱ्याला चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली; त्याच अध्यायात इतर शास्त्रांचे विषय त्या त्या शास्त्राच्या जाणकारांकडून ऐकावेत, एकाच शास्त्राच्या अभ्यासाने निर्णय होत नाही, असेही बजावले.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून समाधान मानण्याची जी सवय आपल्या व्यासपीठांवर रूढ झाली आहे, ती आम्हांला रुचत नाही. अध्याय आपल्याकडे होता हे खरे. परंतु त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारून, संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा यांचा तक्ता लिहून घेऊन आपण तो बाजूला ठेवला. चव्वेचाळीस वादमार्ग पाठ असलेला विद्यार्थी प्रत्यक्ष चर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे एकदाही नीट ऐकून घेत नाही, हे दृश्य कोणत्या परिसंवादात दिसत नाही?

नाम, रूप आणि शोध

माहिती शोधण्याच्या कौशल्यापासून आरंभ करू. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा कोश १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेने चरक, सुश्रुत व निघंटू संगणकावर शोधण्याजोगे करून दिले आहेत. आयुष संशोधनाचे शासकीय संकेतस्थळही आहे. साधने नाहीत, ही तक्रार आता फारशी टिकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. विद्यार्थी 'शंखपुष्पी' हा शब्द टाकतो आणि जे मिळेल ते उतरवून घेतो. शंखपुष्पी या नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत कॉन्व्होल्व्युलस, इव्होल्व्युलस, क्लायटोरिया व कॅन्स्कोरा अशा चार वेगळ्या प्रजातींच्या वनस्पती वापरल्या जातात. रास्नेच्या नावाने उत्तरेत एक द्रव्य येते, दक्षिणेत दुसरेच. मग ज्या लेखाचा आधार घेतला तो कोणत्या द्रव्यावरचा, हा प्रश्न विचारल्याविना पुढचे सारे व्यर्थ.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात ही मेख सांगून ठेवली आहे. शेळ्या-मेंढ्या व गायी राखणारे आणि इतर वनवासी औषधींना नावाने व रूपाने ओळखतात; परंतु केवळ नाम किंवा रूप जाणल्याने औषधी जाणली असे होत नाही, तिचा योग जाणणारा तो खरा जाणकार. सेमाडोहला येणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याला द्रव्यगुणाच्या पुस्तकातील रस, वीर्य, विपाक ठाऊक असतात, पण समोरचे झुडूप ओळखता येत नाही. गुरे राखणारा कोरकू मुलगा ते क्षणात ओळखतो, पण त्याचे नाव कोरकूत सांगतो. या दोघांमध्ये जोवर बोलणे होत नाही तोवर दोघांचेही ज्ञान अर्धवट राहते. म्हणून शोधकौशल्य आणि संवादकौशल्य हे दोन निराळे विषय मानण्यास आमची तयारी नाही.

एका शोधनिबंधाची गोष्ट

मिळालेली माहिती पारखण्यासाठी विद्यार्थ्यांपुढे आम्ही नेहमी एक उदाहरण ठेवतो. कावीळ म्हटली की भुईआवळी, हे समीकरण घराघरांत आहे. १९८८ साली 'लॅन्सेट' या मान्यवर नियतकालिकात मद्रास येथील थ्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. यकृतशोथ 'ब'च्या विषाणूच्या वाहकांना फायलँथस अमारस या वनस्पतीचे कल्प तीस दिवस दिले. उपचार संपल्यावर पंधरा ते वीस दिवसांनी तपासता ३७ पैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्के रुग्णांच्या, रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झालेले आढळले. निष्क्रिय औषध दिलेल्या गटात हे प्रमाण २३ पैकी १, म्हणजे ४ टक्के होते. सहलेखकांत या विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले ब्लुमबर्गही होते. विद्यार्थी येथपर्यंत पोहोचला की त्याचा ऊर भरून येतो आणि तो शोध थांबवतो.

आम्ही त्याला थांबू देत नाही. प्रथम विचारतो की दोन गटांतील संख्या ३७ आणि २३ अशा विषम का? किती रुग्ण अभ्यासातून गळाले व कोणत्या गटातून? नंतर विचारतो की लेखकांनी स्वतः या अभ्यासाला प्राथमिक म्हटले आहे, ते का? मग पुढचे वाचायला लावतो. थायलंडसह अन्यत्र झालेल्या अभ्यासांत तसा परिणाम पुन्हा दिसून आला नाही. २०११ साली कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचे एकत्र परीक्षण केले, तेव्हा निष्क्रिय औषधापेक्षा फायलँथस सरस असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. शेवटचा प्रश्न वनस्पतीचा : बाजारातून आलेली 'भुईआवळी' अमारसच आहे हे कोणी पाहिले? भारतात या नावाखाली फायलँथसच्या एकाहून अधिक जाती मिसळलेल्या आढळतात.

यातून भुईआवळी टाकाऊ ठरते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ग्रंथोक्त प्रयोग दोष, अवस्था, बल पाहून करावयाचा असतो. विषाणूचा वाहक आणि कामलेचा रुग्ण एक नव्हेत. परंतु 'लॅन्सेटने सिद्ध केले' असे रुग्णाला सांगून त्याची पुढील तपासणी थांबवणे, हा अपराध आहे. आप्तोपदेशाला प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांची जोड चरकाचार्यांनी (च. सू. ११) उगाच दिलेली नाही. आज 'लॅन्सेट' हा विद्यार्थ्याचा नवा आप्त झाला आहे, आणि जुन्या आप्ताइतकाच तोही अर्धवट वाचला जातो.

अर्धे वाचलेले सूत्र आणि तापलेला विळा

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याची निकड वाटली, त्याकडे वळतो. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले, बाळ सारखे रडू लागले अथवा दूध घेईनासे झाले, तर तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तिला डंबा, काही ठिकाणी डम्मा म्हणतात. ही प्रथा इतिहासजमा झालेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याची बातमी सर्वत्र आली होती.

काही काळापूर्वी एका विद्यार्थी-परिसंवादात एका हुशार विद्यार्थ्याने या प्रथेवर निबंध वाचला. डंबा हा अग्निकर्माचाच लोकपरंपरेत टिकून राहिलेला अवशेष आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आधारासाठी त्याने सुश्रुताच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायातून अग्निकर्माची थोरवी उद्धृत केली : औषध, शस्त्र व क्षार यांनी जे साधत नाही ते अग्नीने साधते. सभागृहात टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी 'लोकज्ञानाचा गौरव' म्हणून निबंधाची प्रशंसा केली.

तोच अध्याय काही ओळी पुढे वाचला असता तर काय दिसले असते? अग्निकर्म कोणावर करू नये, याची यादी तेथेच आहे. पित्तप्रकृतीचा, दुर्बल, वृद्ध, भित्रा, अनेक व्रणांनी पीडलेला असे अनेक त्यात येतात. आणि त्यात 'बाल' स्पष्ट शब्दांत आहे. ज्या ग्रंथाचा आधार देऊन प्रथेला प्रतिष्ठा दिली, तोच ग्रंथ ती निषिद्ध ठरवतो. तंत्रयुक्ती आपण पाठ करतो. सुश्रुताने बत्तीस सांगितल्या, चरकसंहितेत छत्तीस आहेत. त्यांतील 'अपवर्ग' म्हणजे सर्वसामान्य विधानातून वगळलेला भाग. तो कळला की नाही, याची परीक्षा व्याख्या लिहून होत नाही. असे प्रकरण समोर आले असता पान उलटले जाते की नाही, यावरून ती होते.

या निबंधाचा धोका केवळ सभागृहापुरता नव्हता. असा विद्यार्थी उद्या पदवी घेऊन याच डोंगरात मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून येऊ शकतो. नवसंजीवन योजनेखाली आदिवासी भागातील भरारी पथकांतून आपल्याच पदवीधरांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. दूध न घेणारे नवजात बाळ हे आत्ययिक लक्षण आहे. पोटफुगीच्या मागे फुप्फुसशोथ, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा आंत्ररोध असू शकतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर तो धोक्याचा समजावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेत. मोजण्यास फक्त एक घड्याळ लागते. हा निकष आणि सुश्रुताचा निषेध, दोन्ही ज्याला वेळेवर सापडतील आणि दोन्हीची सांगड ज्याला घालता येईल, त्याला आम्ही माहिती-साक्षर म्हणू.

आजी, तुम्ही काय कराल?

मात्र एवढे जाणून भागत नाही. बाळाला घेऊन आलेल्या आजीशी बोलावे लागते.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संथाळी व मुंडारी तिच्या नात्यातल्या. मराठीशी तिचे कूळ जुळत नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कोरकू स्त्रिया आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलतात, आणि आपला विद्यार्थी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. दोघेही परक्या भाषेच्या पुलावर उभे असतात. अशा वेळी आजी प्रत्येक वाक्याला मान हलवते. 'समजले का?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येते, कारण मोठ्या माणसापुढे 'नाही' म्हणणे तिच्या रीतीत बसत नाही. विद्यार्थी पुढच्या रुग्णाकडे वळतो. रोगीपत्रकावर 'समुपदेशन केले' अशी नोंद होते.

यावर आम्ही साधा उपाय योजला आहे. 'समजले का?' हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वर्ज्य आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याने म्हणावयाचे : "आजी, घरी गेल्यावर सूनबाई विचारेल, डॉक्टर काय म्हणाले? तिला काय सांगाल ते मला सांगा." आजीने सांगितलेले चुकले तर दोष सांगणाऱ्याचा, पुन्हा सांगावयाचे. पाश्चात्त्य वैद्यकीय शिक्षणात या पद्धतीचा बराच पुरस्कार झाला आहे. आम्हांला ती वाक्यदोषांच्या चर्चेजवळची वाटते. न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध हे पाच दोष वादाच्या संदर्भात सांगितलेले असले, तरी रुग्णाला दिलेल्या सूचनांना ते तंतोतंत लागू पडतात. 'दिवसातून दोनदा, जेवणाआधी' ही सूचना ज्या घरी जेवणाची वेळ ठरलेली नाही तेथे न्यून ठरते. 'पथ्य सांभाळा' ही अनर्थक. एक चमचा म्हणताना कोणता चमचा, हे दाखवल्याविना तीही न्यूनच.

आणि डंब्याविषयी? येथे विद्यार्थी हटकून विगृह्यसंभाषेत शिरतो. "हे अघोरी आहे, गुन्हा आहे" असे तो म्हणतो. आजी गप्प बसते, आणि पुढच्या वेळी बाळाला दवाखान्यात आणतच नाही. भुमकाकडे जाते, कारण भुमका तिच्या भाषेत बोलतो, तिच्या अंगणात बसतो. चरकाचार्यांनी संधायसंभाषेचे जे नियम सांगितले आहेत, त्यांचा उपयोग येथे होतो. निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, समोरच्याचा पाडाव झाला तरी आनंद मानू नये, त्याची वाच्यता इतरांत करू नये. आमच्या केंद्रावरील एका आंतरवासी विद्यार्थिनीने हे फार सुरेख साधले. चटक्यांचे व्रण असलेले बाळ पाहून ती रागावली नाही. आशाताईंना मध्ये घेऊन तिने आजीला विचारले, "चटका दिल्यावर बाळात काय फरक पडायला हवा होता?" आजी म्हणाली, रडणे थांबायला हवे होते, दूध प्यायला हवे होते. "मग प्याले का?" नाही, म्हणूनच आलो. तेथून बोलणे श्वास मोजण्यावर आले. विद्यार्थिनीने आजीचा हात बाळाच्या पोटावर ठेवून मोजून दाखवले. संदर्भसेवेच्या गाडीत आजी स्वतःहून बसली. बाळ वाचले. भुमकालाही विरोधक न मानता 'दूध न घेणारे बाळ आधी आमच्याकडे पाठवा' एवढ्या एकाच मुद्द्यावर बोलते करता येते, असा आमचा अनुभव आहे. सर्व मुद्द्यांवर एकदम वाद घातला की तोही हातचा जातो.

घेणे आणि देणे

पाचव्या मानकाविषयी, म्हणजे नीतीविषयी, थोडेसे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल सादर केल्यामुळे. मिळवलेली, जपलेली व वेळेवर पुढे ठेवलेली माहिती काय करू शकते, याचे हे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. पण कोरकू जाणकाराकडून द्रव्य विचारून घेऊन पदव्युत्तर प्रबंधात 'स्थानिक लोकांकडून समजले' एवढ्यावर बोळवण करणारे आपणही असतो. संहिताबद्ध ज्ञानाला जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सवलत मिळाली असली, तरी अलिखित ज्ञान देणाऱ्याची संमती घेण्याचे व त्याच्या इच्छेनुसार श्रेय देण्याचे बंधन नैतिक आहे, ते कोणत्याही दुरुस्तीने सुटत नाही.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा उपद्रव आपल्या क्षेत्रातही मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्य यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्यातील अभ्यासकांनी छाननी केली. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली आलेल्या त्या लेखानुसार त्यांतील बहुसंख्य निकषांवर उतरली नाहीत. शास्त्रपरीक्षेचा पाठ विद्यार्थ्याइतकाच मार्गदर्शकालाही लागू आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार तृतीय व्यावसायिक वर्षात संशोधनपद्धती व वैद्यकीय सांख्यिकी हा विषय आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. आमची सूचना त्याच्या पुढची आहे. आंतरवासी विद्यार्थ्याच्या नोंदवहीत तीन प्रकारच्या नोंदी सक्तीच्या असाव्यात. प्रत्येक महिन्यात एका रुग्णामुळे पडलेला एक प्रश्न, त्याचे उत्तर कोठे शोधले, कोणता आधार नाकारला व का नाकारला, ही पहिली. ज्या सूत्राचा आधार घेतला त्याच्या मागची व पुढची किमान दहा सूत्रे वाचून आढळलेले अपवाद, ही दुसरी. आणि तिसरी, रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितलेली सूचना, जशीच्या तशी, मग ती कोरकूत असो, हिंदीत असो वा वऱ्हाडीत. सेमाडोहला पावसाळ्यात वीज व मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची असतात. म्हणून संहितांच्या छापील प्रती केंद्रावर ठेवाव्यात आणि येण्यापूर्वी आवश्यक लेख विद्यार्थ्याने सोबत घ्यावेत. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विद्यार्थ्याला पाच मिनिटे एखाद्या वृद्ध रुग्णाजवळ बसवावे, नंतर विद्यार्थ्याला बाहेर पाठवून रुग्णालाच विचारावे की औषध कसे घ्यावयाचे आहे. या वर्षी येणाऱ्या तुकडीसोबत आम्ही ही पद्धत सुरू करीत आहोत. ज्या वैद्यबंधू-भगिनींना नोंदवहीचा नमुना हवा असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे.